मोटारीतील गारवा आणि उन्हाळ्याचा लांबचा प्रवास

चेन्नई शहराच्या दक्षिण अंगाला वेलचेरी नावाचे उपनगर आहे. एका बाजूस गिंडीचे राखीव वन आणि आय. आय. टी.चे विस्तीर्ण आवार, दुसऱ्या बाजूस पल्लिकरणैची दलदल आणि मध्ये एक जुने तळे, अशा पाणथळ जागी ही वस्ती वाढली. तळे आक्रसत गेले, इमारती उंच होत गेल्या. पण पाण्याने आपला जुना हक्क काही सोडला नाही. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईला महापुराने वेढले, तेव्हा वेलचेरीच्या गल्ल्यांतून नावा फिरल्या आणि घरांपुढे उभ्या असलेल्या मोटारी पाण्याखाली गेल्या. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाने तोच अनुभव पुन्हा दिला. या दोन प्रसंगांतून लोक एवढे शिकले की, २०२४ च्या ऑक्टोबरात अतिवृष्टीचा इशारा येताच अनेकांनी आपल्या मोटारी वेलचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन ओळीने उभ्या केल्या.

उन्हाळ्याच्या विषयाला पावसापासून आरंभ केलेला पाहून श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु मे महिन्यात मोटारीतील गारवा का रुसला, याचे उत्तर कित्येकदा डिसेंबरातल्या चिखलात दडलेले असते. आणि ते तेथे शोधण्याचे बहुधा कोणाच्या मनात येत नाही.

चेन्नईचा उन्हाळा तापमापकावरील अंकांवरून पुरता कळत नाही. तमिळ लोक मे महिन्यातील तीन-साडेतीन आठवड्यांच्या कडक उन्हाला ‘अग्निनक्षत्र’ म्हणतात. सूर्य तेव्हा कृत्तिकेच्या आसपास असतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की शहराचा जीव भांड्यात पडतो. तो उशिरा सुटला किंवा सुटलाच नाही की पारा चढत जातो. ३१ मे २००३ रोजी तो नुंगंबाक्कमच्या वेधशाळेत ४५ अंशांवर गेला होता. शाळांच्या सुट्ट्याही याच दिवसांत येतात. तरमणी आणि जुना महाबलिपुरम रस्ता येथील कचेऱ्यांत काम करणारी जी मराठी कुटुंबे वेलचेरीत राहतात, त्यांची गावाकडे निघण्याची वेळ हीच. रस्ता सरळ आहे. चेन्नईहून दिल्लीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ वेल्लोर, कृष्णगिरी, बंगळूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर आणि सातारा असा पुण्याला येतो. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. मागच्या आसनावर आजी आणि नातवंडे, डब्यात फराळ, आणि खिडक्या बंद. अशा प्रवासात मोटारीतील वातानुकूलन ही चैन राहत नाही. वेल्लोरच्या आसपास भर दुपारी ते बंद पडले, तर साठी-सत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या माणसाला उष्माघाताचा धोका खराखुरा असतो.

म्हणून प्रवासापूर्वी मोटारीचा धनी कारखान्यात जातो आणि बहुधा एकच वाक्य बोलतो: ‘गॅस भरून द्या.’ कारखानदारही ते आनंदाने ऐकतो. या एका वाक्यात या यंत्राविषयीचा सारा गैरसमज साठवलेला आहे.

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः थंडी निर्माण करता येत नाही; उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येते, एवढेच. घरातला मातीचा माठ हेच करतो. माठाच्या अंगावर झिरपलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि उडून जाताना माठातल्या पाण्याची उष्णता बरोबर नेते. मोटारीतले यंत्र हा एक प्रकारचा माठच समजावा. फरक इतकाच की, यातून उडालेला द्रव वाया जात नाही. तो पुन्हा गोळा करून, पुन्हा द्रवरूप करून, पुन्हा उडवला जातो. आज रस्त्यावरील पुष्कळ मोटारींत आर-१३४ए नावाचे शीतक असते. साध्या हवेच्या दाबाखाली ते उणे २६ अंशांवर उकळते. आसनांपुढच्या फळीच्या आत नळ्यांचे एक वेटोळे असते, त्याला कारागीर ‘कूलिंग कॉइल’ म्हणतात. तेथे हे शीतक कमी दाबाखाली उकळते आणि मोटारीतल्या हवेची उष्णता शोषून घेते. मग इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो. दाबल्यामुळे ती बाहेरच्या हवेहून पुष्कळ तापते. ही तापलेली वाफ मोटारीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते, तेथे आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देते आणि पुन्हा द्रव होते. चक्र पुरे झाले.

या चक्रात शीतक हा केवळ हमाल आहे. तो खर्च होत नाही. पेट्रोल जळते, तसे ते जळत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात ते ‘भरण्याचा’ प्रश्नच वास्तविक उद्भवू नये. रबरी नळ्या आणि सांधे यांतून वर्षाकाठी थोडे शीतक झिरपते, हे खरे; त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मोटारीत थोडी तूट आली तर ती स्वाभाविक मानता येईल. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेले शीतक या उन्हाळ्यात नाहीसे झाले असेल, तर कोठे तरी छिद्र आहे, आणि छिद्र असलेल्या भांड्यात पुन्हा ओतणे हा उपाय नव्हे. तो मार्चमध्ये केला तर चाचणीत गारवा उत्तम येतो, पैसे चुकते होतात, आणि मे महिन्यात आंबूरच्या अलीकडे झरोक्यांतून कोमट वारा येऊ लागतो.

छिद्र शोधण्यास वेळ लागतो, पण ते काम अवघड नाही. नळ्यांत नायट्रोजन वायू दाबाने भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात; किंवा चकाकणारा रंग सोडून जंबुपार दिव्याखाली पाहतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या मोटारींत ही परीक्षा विशेष अगत्याची. कंडेन्सर आणि कॉइल अॅल्युमिनियमचे असतात, आणि खाऱ्या ओलाव्याने अॅल्युमिनियमला टाचणीच्या अग्राएवढी भोके पडतात. वेलचेरीपासून समुद्र काही किलोमीटरांवरच आहे.

दुरुस्ती झाली की नळ्यांतील हवा आणि ओलावा पंपाने खेचून काढावा लागतो. या कामाला अर्धा तास तरी द्यावा. आत राहिलेले पाणी शीतकाबरोबर फिरत जाते, अरुंद तोंडाशी बर्फ होऊन अडते आणि कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून धातूला खाते. यानंतर शीतक भरायचे ते वजन करून. लहान मोटारीत ते साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असते. नेमका आकडा बहुधा बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो, आणि शीतक कोणत्या जातीचे हेही तेथेच लिहिलेले असते. थोडे अधिक भरले तर अधिक गार होईल, ही समजूत चुकीची आहे. अधिक शीतकाने दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर भार पडतो आणि गारवा उलट कमी होतो. मीठ थोडे जास्त पडले म्हणून आमटी अधिक रुचकर होत नाही, तसेच हे.

जातीची गोष्ट निघाली, तर एक आणखी सांगितले पाहिजे. पूर्वी मोटारींत आर-१२ नावाचे शीतक असे. ते वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनचा नाश करते असे दिसून आल्यावर १९८७ च्या माँट्रियल करारान्वये ते क्रमाक्रमाने बंद झाले. त्याच्या जागी आलेले आर-१३४ए ओझोनला बाधत नाही. पण हवेत सुटले तर ते तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट उष्णता धरून ठेवते. गळक्या नळ्यांत दरवर्षी अर्धा किलो शीतक ओतणारा मोटारवाला एकूण पृथ्वीचाच उन्हाळा थोडा वाढवीत असतो. आता काही नव्या मोटारींत आर-१२३४वायएफ हे शीतक येते. त्याचा हा दोष जवळजवळ नाही, मात्र ते थोडेसे ज्वलनशील आहे आणि महागही आहे. एकाच्या जागी दुसरे भरण्याचा मोह कारागिराने टाळावा आणि मोटारीच्या धन्याने त्याला तसे सुचवू नये.

शीतकाचे एवढे पुरे. हमाल सज्ज असला तरी दार बंद असेल तर ओझे बाहेर कसे जाणार? कंडेन्सर हे ते दार होय. त्याच्या पातळ पात्यांमधून वारा वाहिला पाहिजे. तेथे वर्षभराची धूळ, रस्त्यावरचे किडे, वाळलेली पाने अडकतात. आणि वेलचेरीच्या मोटारींत याहून वाईट वस्तू असते, ती म्हणजे पुराचा गाळ. पाणी गुडघाभर चढले आणि उतरले, आसने वाळवली, इंजिन सुरू झाले, म्हणजे मोटार सुटली असे माणसाला वाटते. पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत चिखल बसलेला असतो. तो वाळतो, त्याची माती होते आणि ती माती वाऱ्याला अडवून उभी राहते. जानेवारीत ते कळत नाही, कारण जानेवारीत यंत्राला फारसे काम नसते. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छही दिसतो. मळ मागच्या अंगाला असतो. जी मोटार पाण्यात उभी होती, तिचा हा भाग सैल करून मधली फट धुऊन घ्यावी. तीही मंद धारेने. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात आणि धुण्याने उघडायचे दार कायमचे मिटते. त्याच वेळी कॉम्प्रेसरच्या चुंबकी क्लचचे बेअरिंग, विजेच्या तारांचे जोड आणि पायाशी बसवलेला ब्लोअर यांतही पाणी शिरले होते काय, हे पाहून घ्यावे. क्लच गंजला असेल तर तो प्रथम कुरकुरतो. त्या कुरकुरीकडे दुर्लक्ष केले तर एखाद्या दिवशी तो आखडून बसतो, पट्टा तुटतो, आणि ज्या मोटारींत त्याच पट्ट्यावर इंजिनाला गार ठेवणारा पाण्याचा पंप चालतो, त्यांत गारव्याबरोबर प्रवासही थांबतो.

दाराशी एक पंखा असतो. मोटार धावत असताना वारा आपोआप येतो. ती उभी राहिली की सारी भिस्त या पंख्यावर. यातून एक सोपी परीक्षा मिळते. रस्त्यावर धावताना गार वाटणारी आणि चौकात थांबल्यावर कोमट होणारी मोटार ‘गॅस’ मागत नसते. तिचा पंखा दुबळा झालेला असतो किंवा कंडेन्सर तुंबलेला असतो. म्हणून चाचणी पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर घेण्यात अर्थ नाही. ती दुपारी एक वाजता, विजयनगर चौकाच्या गर्दीत, दहा मिनिटे खोळंबून घ्यावी. मधल्या झरोक्यात साधा तापमापक खोचून ठेवला आणि तो दहा-बारा अंशांच्या आसपास टिकून राहिला, तर यंत्राची प्रकृती उत्तम आहे असे समजण्यास हरकत नाही.

दहा-बारा अंश हा आकडा नागपूरकराला कदाचित फारसा वाटणार नाही. पण चेन्नईचे यंत्र जे ओझे वाहते, ते नागपूरच्या यंत्राला ठाऊक नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. तरीही वाळ्याची ताटी किंवा कूलर तेथे सुख देतो, कारण हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडते. तोच कूलर वेलचेरीत लावला तर खोलीचे स्नानगृह होईल. येथे एक घनमीटर हवेत वीस ग्रॅमांहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने असते. नागपूरच्या उन्हाळी हवेत बहुधा त्याच्या निम्मेही नसते. या वाफेचे कॉइलवर दव होते, आणि दव होताना ती आपली सुप्त उष्णता सोडते. ही उष्णता किती असावी? एक लिटर पाणी हवेतून निथळवण्यासाठी जेवढी उष्णता दूर न्यावी लागते, तेवढ्यात मध्यम मोटारीतील सगळी हवा दहा अंशांनी सत्तरएक वेळा गार करता आली असती. यंत्राची निम्मीअधिक शक्ती कधीकधी हवा गार करण्यात नव्हे, तर ती पिळून कोरडी करण्यात जाते. या विद्येचा इतिहासही येथूनच सुरू होतो. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी पहिली योजना आखली, ती माणसांच्या सुखासाठी नव्हती. दमट हवेने कागद फुगून रंगांच्या छपाईत फरक पडे, तो थांबवण्यासाठी होती. मोटारीत हे यंत्र यायला पुढे जवळजवळ चार दशके लागली. १९३९ साली अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने ते देऊ केले, तेव्हा त्याने सामानाच्या कप्प्यातील बरीच जागा व्यापली होती. त्याला क्लच नव्हता. गारवा नको झाला तर मोटार थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. फारशी गिऱ्हाइके मिळाली नाहीत, यात आश्चर्य नाही.

हे निथळलेले पाणी एका बारीक नळीने मोटारीखाली टपकते. चेन्नईत यंत्र चालू असता उभ्या मोटारीखाली पाण्याचे थारोळे दिसले तर घाबरू नये. ते दिसले नाही तर मात्र विचार करावा. नळी तुंबली की ते पाणी पायाखालच्या गालिच्यात मुरते आणि आतल्या कोंदट ओलीवर बुरशी वाढते. यंत्र सुरू करताच येणारा आंबूस वास बहुधा तिचाच असतो. अत्तराच्या कुप्या लटकवून तो जात नाही. बहुतेक मोटारींत हातमोज्यांच्या खणामागे हवेची गाळणी असते. ती स्वहस्ते काढता येते आणि तिची किंमतही बेताची असते. ती काळवंडली असेल तर नवी घालावी. झरोक्यांतून वारा मंद येण्याचे अगदी पहिले कारण हीच गाळणी. आणि आश्चर्य असे की, ती न पाहताच पुष्कळांचे ‘गॅस’ भरून होतात.

विजेवर चालणाऱ्या मोटारीत कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याचे तेलही निराळे असते. गाळणी आणि कंडेन्सरची स्वच्छता एवढे सोडून तिच्या यंत्राला अनभ्यस्त हात लागू नयेत.

आता प्रत्यक्ष प्रवास. ही सारी तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर दोन आठवडे आधी व्हावी. म्हणजे गळती असेल तर ती या अवधीत उघडकीस येते. पहाटे चार-साडेचारला वेलचेरी सोडली तर वेल्लोर ऊन तापण्याच्या आत मागे पडते. कृष्णगिरीनंतर रस्ता पठार चढू लागतो. भरलेली मोटार, चढ आणि चालू यंत्र या तिघांचा भार एकाच इंजिनावर असतो. तेव्हा चालकाची नजर इंजिनाच्या उष्णतादर्शक काट्यावर असावी. काटा वर सरकू लागला तर गारवा क्षणभर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि हीटर पूर्ण सुरू करावा. उन्हाळ्यात हीटर हा वेडेपणा वाटेल. पण इंजिनाची उष्णता बाहेर काढण्याचा तो आणखी एक मार्ग आहे, आणि त्याने इंजिन वाचते.

भोजनासाठी थांबल्यावर मोटार सावलीत उभी करावी आणि पुढच्या काचेवर परावर्तक पडदा लावावा. बाहेर ३५-३६ अंश असताना उन्हातल्या बंद मोटारीत हवा ५० अंशांच्या पलीकडे जाते, आणि या वाढीचा बहुतांश पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जातो. खिडकी चार बोटे उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. झोपलेले मूल ‘पाच मिनिटांसाठी’ आत ठेवून जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते, आणि वर्तमानपत्रांतून येणाऱ्या अशा मृत्यूंच्या बातम्या त्या पाच मिनिटांतूनच निघालेल्या असतात. मोटारीत परतल्यावर सर्व दारे मिनिटभर सताड उघडावीत, खिडक्या खाली ठेवून थोडे अंतर जावे आणि मग यंत्र सुरू करावे. साठ अंशांची हवा यंत्राकडून गार करून घेण्यापेक्षा ती हाकलून देणे स्वस्त पडते.

यंत्र आतलीच हवा फिरवू लागले म्हणजे गारवा लवकर येतो. दमट प्रदेशात तर ती कळ दाबल्यावाचून गत्यंतरच नाही. पण ती तासन्‌तास तशीच ठेवू नये. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड शंभरात अर्धा दशांशही नसतो. चार-पाच माणसे बंद मोटारीत बसली की तासाभरात त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. डोके जड होते, जांभया येतात. चालकाला वाटते, जेवण अंगावर आले. अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटे बाहेरची हवा घेतली तर ही पेंग पुष्कळ कमी होते. आणि रात्री रस्त्याकडेला थांबून, इंजिन व गारवा चालू ठेवून, काचा मिटून झोपण्याची रीत मात्र कोणीच पाळू नये. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो.

बंगळूरच्या पुढे हवा बदलते. चित्रदुर्ग-हुबळीच्या बाजूस दुपार कडक, पण कोरडी असते. मोटारीखाली टपकणारे पाणी कमी होते आणि तेच यंत्र एकाएकी नवे झाल्यासारखे गार वारा देऊ लागते. ही त्याची करामत नव्हे. ओझे हलके झालेले असते. बेळगाव-निपाणीच्या सुमारास मात्र मेअखेरच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस गाठतो आणि काचांवर धुके धरते. येथे पुष्कळ जण गडबडतात. धुके आतून असेल तर गारवा चालूच ठेवावा, बाहेरची हवा घ्यावी आणि वारा काचेकडे वळवावा. यंत्र हवा कोरडी करते आणि काच स्वच्छ होते. ते बाहेरून असेल, तर काच गरजेपेक्षा अधिक गार झालेली आहे. तेव्हा वारा काचेवरून काढून घ्यावा आणि पुसणी फिरवावी. आत की बाहेर, हे बोट फिरवून पाहिले की कळते. आणि पावसात, अंधारात, मालमोटारींच्या रांगेत अडकण्यापूर्वीच ते पाहिलेले बरे.